दुसऱ्याचे प्रारब्ध

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या लालबागच्या चाळीत अभ्यंगस्नाने उरकू लागली की कारीट फोडण्यासाठी रांग लागे. बिऱ्हाडे चाळीस आणि तुळशीवृंदावन एकच, खालच्या चौकातले. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारीट चिरडायचे, त्याचा कडू रस जिभेला लावायचा, तोंड वेडेवाकडे करायचे, आणि मगच वर जाऊन फराळाच्या ताटाला हात घालायचा. आधी कडू, मग गोड, हा आम्हा कोकणी माणसांचा दिवाळीचा क्रम. संपादकांनी या अंकासाठी लेख मागितला तेव्हा मी त्यांना हाच क्रम सांगितला. अंकात विनोदी कथा असतील, वार्षिक राशिभविष्य असेल, चकल्या विरघळल्या तर काय करावे याचाही सल्ला कोठेतरी असेलच. त्या सर्वांच्या आधी वाचकांनी हे एवढे कारीट फोडावे. विषय आहे दुःखाचा आणि मोक्षाचा, आणि भांडण आहे एका शब्दाशी. तो शब्द म्हणजे प्रारब्ध.

गेल्या चैत्रात दादरला एका सभागृहात सात दिवसांची प्रवचनमाला झाली. मी प्रवचनांचे जुने गिऱ्हाईक आहे. पन्नास वर्षांत गिरगावापासून दादरपर्यंत किती सतरंज्या झिजवल्या त्याचा हिशेब मजजवळ नाही. तेव्हा शास्त्रीबुवांची वाणी रसाळ होती, पाठांतर चोख होते आणि दृष्टांत देण्याची हातोटी विलक्षण होती, हे मी जाणकाराच्या अधिकाराने सांगू शकतो. शेवटच्या दिवशी श्रोत्यांच्या शंकांसाठी अर्धा तास राखून ठेवला होता. चिठ्ठ्या गोळा झाल्या. एकादशीला साबुदाणा चालतो का, स्वप्नात पितर दिसले तर काय करावे, असल्या चार-दोन शंका फिटल्यावर बुवांनी पाचवी चिठ्ठी उलगडली आणि मोठ्याने वाचली. माझी नात पाच वर्षांची आहे, तिला रक्ताचा कर्करोग झाला आहे, परळला उपचार चालू आहेत. एवढ्याशा जिवाने असे कोणते पाप केले?

बुवा क्षणभर थांबले. मला वाटले, यांनाही उत्तर सुचत नाही, बरे झाले. पण त्यांना उत्तर सुचले. देह पाच वर्षांचा असला तरी आत वसणारा जीव पुरातन आहे, त्याचे मागचे देणे या जन्मी फिटत आहे, आईबापांचेही काही ऋणानुबंध असणारच, तेव्हा शोक न करता उलट समाधान मानावे की एवढे ओझे कमी झाले; देह म्हणजे वस्त्र, ते फाटायचेच. श्रोत्यांच्या माना डोलल्या. कोणीतरी ‘वा!’ म्हणाले. माझ्या पुढच्या रांगेतली एक साठीची बाई उठली. हातात कापडी पिशवी, पिशवीतून बाहेर आलेली फायलीची कड. लोकांनी गुडघे आखडून तिला वाट दिली. ती गेली आणि गुडघे पुन्हा सैल झाले. तिच्यामागून कोणीही उठले नाही. मीही उठलो नाही. तेवढ्यात आरती सुरू झाली आणि मी टाळ्या वाजवल्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्याचे कारण शास्त्रीबुवा नव्हते. कारण असे की, हेच प्रवचन त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षांपूर्वी मी स्वतः केले होते. श्रोता एकच होता. ती हकीकत पुढे येईलच. आधी शास्त्राचे बोलून घेऊ. एरवी लोक म्हणायचे, याला दुःख झाले म्हणून हा शास्त्रावर उखडला.

बुवा बोलले ते शास्त्रात नाही असे मी म्हणणार नाही. कर्माचे तीन भाग आपल्या घराघरांत ठाऊक आहेत: जन्मोजन्मी साठलेले ते संचित, त्यातले जे फळ देऊ लागले ते प्रारब्ध, आणि आज हातून घडते ते क्रियमाण. पण यातला प्रारब्ध हा शब्द वेदान्तात ज्या ठिकाणी खरा कामाला येतो ते ठिकाण पाहण्यासारखे आहे. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायात प्रश्न असा निघतो की, ज्ञानाने जर सारे कर्म जळून जाते, तर ज्ञान होताक्षणी ज्ञान्याचा देह का पडत नाही? त्याला भूक का लागते, त्याचे पाय का दुखतात? यावर शंकराचार्य कुंभाराच्या चाकाचा दृष्टांत देतात. कुंभाराने हात काढला तरी दिलेल्या गतीने चाक काही काळ फिरतच राहते; तसे जे कर्म फळू लागले ते भोगून संपेपर्यंत देह राहतो. म्हणजे हा शब्द खपला तो ज्ञान्याच्या स्वतःच्या देहाविषयीची शंका फेडण्यासाठी. ज्याला देह आपला वाटत नाही त्याने आपल्या पोटशुळाकडे बोट दाखवून म्हणावे, हे प्रारब्ध आहे, चालू द्या. तो त्याचा अधिकार. शेजाऱ्याच्या पोटशुळाकडे बोट दाखवून असे म्हणण्याचा अधिकार त्यातून कोणाला मिळाला, हे मला अजून कोणी दाखवलेले नाही.

एखादा अभ्यासू वाचक लगेच दुसऱ्या अध्यायातले सूत्र काढील. तेथे प्रश्न ईश्वराचा आहे. जगात एक सुखी आणि एक दुःखी, मग ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही काय? उत्तर असे की नाही. तो प्राण्यांच्या कर्माकडे पाहून फळ देतो. मान्य. पण येथे आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे तो ईश्वर, आणि कर्म हा त्याचा वकील. वकिलाने आपले काम चोख केले, ईश्वर निर्दोष सुटला, आनंद आहे. परंतु ईश्वर सुटला म्हणून शेजारीही सुटला, असे त्या सूत्रात कोठे आहे? आपण मात्र ईश्वराच्या जामिनावर स्वतःला सोडवून घेतो आणि बाहेर येऊन पेढे वाटतो.

दुसरे असे की, दुःख ही किरकोळ बाब आहे, देहाचे चोचले आहेत, असे आपल्या परंपरेने कधी मानलेले नाही. सांख्यकारिकेचा आरंभच त्रिविध दुःखाच्या माऱ्यापासून होतो. आपल्या समर्थांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात आध्यात्मिक, आधिभौतिक आणि आधिदैविक अशा तीन तापांना तीन समास दिले आहेत. ते जरा निवांतपणे वाचून पाहावेत. काय ती रोगांची यादी, काय त्या इजा आणि अपघात! ज्याने माणसांच्या वेदना डोळ्यांनी पाहिल्या नाहीत त्याला ही यादी सुचणारच नाही. आणि हेच समर्थ बाराव्या दशकाच्या आरंभी आधी प्रपंच नीट करायला सांगतात. ज्याच्या घरी खायला अन्न नाही त्याला परमार्थ कसला सुचणार, असा त्यांचा रोखठोक सवाल आहे.

मोक्षाचेही तसेच. मोक्ष म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाकडे पाठ करून आपली गाडी गाठणे, हा अर्थ आपल्यात कोठून आला देव जाणे. भागवतात रंतिदेवाची कथा आहे. अठ्ठेचाळीस दिवसांच्या उपासानंतर पुढ्यात आलेले अन्न तो मागणाऱ्यांना देऊन टाकतो, उरलेले पाणीही देतो, आणि मागतो काय? मोक्ष नको, सर्व प्राण्यांच्या ठायी राहून त्यांचे दुःख मला सोसू दे, म्हणजे त्यांचे सरेल. त्याच भागवतात प्रल्हाद नृसिंहाला सांगतो की, ऋषिमुनी आपापल्या मुक्तीसाठी अरण्यात मौन धरून बसतात, दुसऱ्यांची त्यांना चिंता नसते. या दीनांना मागे टाकून एकट्याने सुटण्याची मला इच्छा नाही. हे उद्गार कोण्या नास्तिकाचे नव्हेत. भक्तशिरोमणीचे आहेत, आणि ऐकणारा साक्षात देव आहे. आमच्या प्रवचनांत प्रल्हादाची कथा खांब फुटेपर्यंत रंगते. पुढचे मात्र आरतीच्या वेळेत बसत नाही.

आणि तुकोबा? १६३०च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ त्यांनी पाहिला. त्यांची पहिली बायको त्यात अन्नान्न करीत गेली, मूल गेले, धंदा बुडाला. घरात सावकारीची खते होती. परंपरा सांगते की भावाचा वाटा त्याला देऊन तुकोबांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली. आता याचा अर्थ पाहा. त्या खतांवर ज्यांची नावे होती ती माणसे उपाशी होती. त्यांना ‘तुमचे प्रारब्ध’ म्हणून चार शब्द ऐकवायला तुकोबांची वाणी काही तोकडी नव्हती. पण त्यांनी आधी खते बुडवली, आणि लोक ज्याला उत्तम परमार्थ म्हणतात तो नंतर सुरू झाला. पुढे याच माणसाने मुक्ती नाकारून पुन्हा जन्म मागितला. ज्यांना संतवाङ्मय फक्त वैराग्यासाठी लागते त्यांनी हा क्रम ध्यानात ठेवावा.

आता माझी हकीकत.

माझा थोरला भाऊ परळच्या एका कापडगिरणीत साचेखात्यात होता. आमचे वडीलही तेथेच होते. मी मॅट्रिक होऊन फोर्टात एका बँकेत चिकटलो आणि लग्नानंतर गिरगावात दोन खोल्यांत राहू लागलो. भाऊ लालबागच्या जुन्या खोलीतच राहिला. वहिनी खानावळ चालवीत. गावी बायकामुले ठेवून आलेले दहा-अकरा गिरणीवाले पाळीप्रमाणे दोन वेळा त्यांच्याकडे जेवत, महिन्याला पैसे देत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले. सारे म्हणत होते, महिन्या-दोन महिन्यांचे काम आहे. खानावळीतले लोक होळीपर्यंत उधारीवर जेवले. मग एकेक करीत एस. टी. धरून गावी गेले. संप मिटला की देऊ म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. तो संप कधी रीतसर मिटलाच नाही, हे आज सर्वांना ठाऊक आहे.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या रविवारी मी लालबागला गेलो. भाऊ कोठेतरी भाजीची पाटी घेऊन बसण्याच्या खटपटीत होता. वहिनींनी चहा केला. दूध नव्हते, तो काळाच होता. माझ्या पुढ्यात कप ठेवून त्या म्हणाल्या, “भावजी, पोरांची वह्या-पुस्तकं आणि फी मिळून दोनशे रुपये कमी पडताहेत. दसऱ्यापर्यंत देईन.” दोनशे रुपये मजजवळ होते. खोटे कशाला बोलू, खिशात होते. त्या काळात दर गुरुवारी मी गिरगावात एका वेदान्ताच्या वर्गाला जात असे आणि नव्याने शिकलेली विद्या अंगात मावत नव्हती. पिशवीत त्याच दिवशी विकत घेतलेली सार्थ ज्ञानेश्वरी होती. मी वहिनींना संचित, प्रारब्ध, क्रियमाण यांचा भेद समजावून सांगितला. सोडलेला बाण परत येत नाही, हा दृष्टांत दिला. जे वाट्याला आले ते शांतपणे भोगले की पुढचा जन्म हलका होतो, असेही सांगितले. बोलताना माझा गळा दाटून आला होता, इतके ते मला पटलेले होते.

वहिनींनी सारे ऐकून घेतले. चौथीपर्यंत शिकलेल्या त्या बाईने मग एवढेच विचारले, “भावजी, प्रारब्ध माझं असेल. पण तुम्ही माझे दीर आहात, ते कुणाच्या प्रारब्धात मोडतं?”

मला उत्तर आले नाही. बस चुकेल असे काहीतरी पुटपुटून मी उठलो. जाताना धाकट्या पुतण्याच्या हातावर पाच रुपये ठेवले. पुतणीने त्या वर्षी आठवीतून शाळा सोडली आणि लालबागच्या मसाल्याच्या बाजारात मिरच्यांचे देठ खुडायला जाऊ लागली. हातांची आग होई म्हणून ती रात्री ताकात बोटे बुडवून बसे. हे मला वहिनींनी सांगितले नाही. भावाने सांगितले, तेही चार वर्षांनी, दुसऱ्याच विषयावर बोलताना.

मी ज्याला त्या दिवशी प्रारब्ध म्हटले त्याची कारणे काय होती? ती चित्रगुप्ताच्या वहीत शोधण्याची गरजच नव्हती. बदली कामगाराला रोज सकाळी दरवाजाशी उभे राहून आज काम आहे की नाही हे कळे, आणि असे वर्षानुवर्षे चाले. १९४६च्या कायद्याने एका उद्योगात एकाच मान्यताप्राप्त संघटनेला बोलणी करण्याचा हक्क दिला होता. कामगारांचा कल दुसरीकडे असला तरी मालकांनी त्या एकीशीच बोलावे अशी रचना होती. यंत्रे जुनी झाली होती. आणि पायाखालची जमीन गिरणीपेक्षा मोलाची होऊ लागली होती. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनींविषयी अठ्ठावन्नावा नियम आला, २००१ साली तो बदलला, आणि मोकळ्या जागांचा आणि सरकारी घरांचा हिस्सा आटला. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. आज फिनिक्स मिलच्या जागी लोक जिन्यावर उभे राहतात आणि जिनाच चढतो. यातले एकही पाऊल मागच्या जन्मी पडलेले नाही. प्रत्येकाला तारीख आहे, सही आहे, जावक क्रमांक आहे. प्रारब्ध हा शब्द वाईट का? तर तो या तारखा पुसतो. कारण विचारायला उठलेल्या माणसाला तो प्रेमाने खांद्यावर हात ठेवून खाली बसवतो.

या मुंबईला हा धडा एकदा मिळालेला होता. १८९६च्या सप्टेंबरात मांडवीला प्लेग दिसला. तेव्हाही दैवी कोप म्हणणारे होते, लोकांचे पाप म्हणणारे होते. हाफकिन नावाच्या परदेशी गृहस्थाने लस तयार केली आणि १८९७च्या जानेवारीत ती पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. पुढे १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नर हाऊसात त्याची प्रयोगशाळा आली. ती आज हाफकिन संस्था म्हणून आपल्या पुढ्यात आहे. उंदरांवरच्या पिसवांतून प्लेग पसरतो हे शास्त्रज्ञांनी शोधून काढले, आणि त्याची खात्री पटवणारे कामही याच परळात झाले. ज्या दिवशी पिसू सापडली त्या दिवशी कित्येकांचे पूर्वजन्मीचे पाप नाहीसे झाले, असेच म्हणायचे की नाही?

आणि परळच्याच बी. आय. टी. चाळीत कित्येक वर्षे राहिलेल्या डॉ. आंबेडकरांनी याच शब्दाची गाठ सोडवली. त्यांच्या निधनानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या बुद्ध आणि धम्मावरील ग्रंथात त्यांनी पूर्वकर्माच्या सिद्धान्ताची झडती घेतली आहे. गरिबाची दशा त्याच्या मागच्या जन्मावर टाकली की समाजाची आणि राज्याची जबाबदारी आपोआप संपते, याखेरीज या सिद्धान्ताचा दुसरा हेतू आपल्याला दिसत नाही, असा त्यांचा आशय आहे. आम्ही हिंदूंनी हे वाचून रागावण्याऐवजी एकदा खाली मान घालून विचार केला असता तर बरे झाले असते. ज्याला पाण्याच्या तळ्यावरून हाकलले त्याला तुझे प्रारब्ध म्हणून सांगणारे तोंड आमचेच होते.

येथे माझे एक गिरगावकर बुद्धिवादी मित्र टाळी देण्यासाठी हात पुढे करतील. त्यांना मी हात देणार नाही. त्यांचे म्हणणे असे की, हे सारे थोतांड एकदम बुडवावे, आत्माही नको आणि मोक्षही नको. मला ते मान्य नाही. माझ्या आईची दोन मुले माझ्या जन्माआधी गेली. त्यांची आठवण निघाली की ती “नव्हती माझ्या नशिबात” एवढे म्हणे आणि पदराने हात पुसून चुलीकडे वळे. तो शब्द तिच्या हातातली काठी होती. ती काठी काढून घेण्याचा अधिकार मला नाही, माझ्या मित्रालाही नाही. वडील शेवटच्या आजारात देह आपला नव्हे असे म्हणत आणि खरोखरच शांत होत. मी पायथ्याशी बसून पाहिले आहे. ज्याचे दुखते त्याने स्वतःला काय समजवावे हे तो ठरवील. माझी तक्रार एवढीच आहे की, तीच काठी आपण उभ्या माणसाने पडलेल्याच्या अंगावर का टाकावी?

टिळकांचे उदाहरण घ्या. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात त्यांनी गीतारहस्य लिहिले. त्यात कर्मविपाकावर एक आणि सुखदुःखावर एक अशी स्वतंत्र प्रकरणे आहेत. आपल्या तुरुंगवासाला ते प्रारब्ध म्हणाले असते तर शोभले असते. पण १९०८ साली त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा या गिरणगावातल्या कामगारांनी काय केले? टिळकांचे भोग टिळकांचे, असे म्हणून ते साच्यावर गेले नाहीत. सहा वर्षांबद्दल सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या, गोळ्याही खाल्ल्या. त्यांनी गीतारहस्य वाचलेले नव्हते, ते अजून लिहिलेही गेले नव्हते. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना द्वेष नसणे, मैत्री आणि करुणा ही आरंभीच येतात. विरक्ती त्यानंतर.

आणि ज्यांनी हे आचरून दाखवले त्यांची वाणही आपल्याकडे नाही. विठ्ठल रामजी शिंदे गिरगावच्या प्रार्थना समाजाचे प्रचारक होते. आज प्रार्थना समाज म्हटले की लोकांना बसचा थांबा आठवतो, ते असो. शिंद्यांनी १९०६च्या १८ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीच्या दिवसांत, परळला निराश्रित साह्यकारी मंडळीची शाळा उघडली. अस्पृश्य मुलांना अक्षर शिकवण्यासाठी त्यांनी त्यांचे पूर्वकर्म तपासले नाही. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते माझ्या वहिनींसारख्याच खानावळवाल्या बायकांसाठी. सावकाराच्या व्याजातून सोडवून त्यांना बँकेच्या दारात उभे केले. मी स्वतः बँकेत होतो आणि मला हे सुचले नव्हते. गाडगे महाराजांनी तर खराटा हातात घेऊन कीर्तन केले. पैसा गोळा करून ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या आणि स्वतः त्यांत मुक्काम केला नाही. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. बाहेरगावाहून आलेले कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांची माणसे तेथे राहतात.

हे मी मुद्दाम शेवटी आणले, कारण त्या पाच वर्षांच्या मुलीकडे परत जायचे आहे. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. दोराबजीही पुढच्याच वर्षी गेले. त्यांच्या विश्वस्त निधीतून १९४१ साली परळला रुग्णालय उभे राहिले. त्या घरावर आलेल्या दुःखाची वासलात अशी लागली. मुलांना होणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचा जो मुख्य प्रकार, त्यात आज वेळेवर आणि पुरते उपचार मिळाले तर बहुसंख्य मुले बरी होतात. पण हे उपचार दोन-अडीच वर्षे चालतात. खानदेशातून, विदर्भातून, बिहार-बंगालमधून आलेल्या बापाने एवढा काळ मुंबईत कोठे राहावे? खोलीचे भाडे परवडत नाही, गावची मजुरी बुडते, धाकटी मुले तिकडे रडतात. मग उपचार अर्धवट टाकून माणसे परत जातात, आणि आजार उलटतो. परळच्या पदपथावर पथारी टाकून पडलेली माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. तिथल्या एखाद्या मुलाचे जगणे कित्येकदा एका छपरावर आणि दोन वेळच्या वरणभातावर अवलंबून असते. ते छप्पर नसेल तर तो दोष कोणाच्या मागच्या जन्माचा?

चैत्रानंतर दोन महिन्यांनी त्याच शास्त्रीबुवांचे त्याच सभागृहात पुन्हा प्रवचन झाले. मी गेलो. वहिनी आता ऐंशीच्या पुढे आहेत, पुतणीकडे डोंबिवलीला असतात. आदल्या दिवशी त्यांना भेटून आलो होतो. जूनच्या त्या रविवारची आठवण काढायचे मनात होते. तोंड उघडले नाही. पुतणीने पाठीमागे उभे राहून आग्रहाने आणखी एक पोळी वाढली.

सभागृहात मी या वेळी चिठ्ठी दिली. लिहिले होते ते असे: गेल्या खेपेस ज्या पाच वर्षांच्या मुलीचे प्रारब्ध आपण सांगितले ती येथून चालत अर्ध्या तासावर आहे. आज श्रोते सुमारे तीनशे असावेत. प्रत्येकाने महिन्याला शंभर रुपये काढले तर एका खोलीचे भाडे सहज निघते आणि वर एका कुटुंबाचे दोन वेळचे जेवण. आपण आज्ञा करावी; डबा पोचवण्याचे काम मी करीन. खाली सही आणि पत्ता.

बुवांनी चिठ्ठी उलगडली. मनात वाचली, घडी घातली आणि इतर चिठ्ठ्यांच्या तळाशी ठेवली. वरच्या चिठ्ठीत तुळशीची माळ रात्री काढावी की नाही अशी पृच्छा होती. तिचे उत्तर लांबले. मग आरतीची वेळ झाली.

बाहेर चपला शोधताना एका गृहस्थांनी माझा दंड धरला. त्यांनी माझ्या शेजारी बसून मी लिहीत असताना चिठ्ठी वाचली होती. म्हणाले, “शंभर म्हणालात ना? हे पाचशे घ्या, पाच महिन्यांचे.” मी घेतले. मग त्यांच्या पत्नीने आपल्या बटव्यातून आणखी काढले. त्या संध्याकाळी पायऱ्यांवर एकूण सोळा माणसे झाली. बहीण-भाऊ मंडळी, हिशेबाची वही मजजवळ आहे. पुढची प्रवचनमाला मार्गशीर्षात आहे, आणि चिठ्ठी मी आताच लिहून ठेवली आहे.